घोडा, कोंबडी, पक्षी

परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून फिरणे हे आमच्या नोकरीतले सर्वांत निरक्षर काम आहे. तीन तास काही वाचायचे नाही, काही लिहायचे नाही, खिडकीबाहेरही फार वेळ पाहायचे नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आपल्याच विषयाच्या पेपरला आपण उभे राहायचे नाही, या रिवाजामुळे एप्रिल २०१८ मध्ये द्वितीय वर्ष कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या पेपरला आमची नेमणूक एकाच मोठ्या हॉलवर झाली होती. पहिला तास संपला. पुरवण्यांची मागणी अजून सुरू झाली नव्हती. शेवटून तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा लिहायचा थांबला होता. तो आमच्याच आवश्यक मराठीच्या वर्गातला. हजेरीपटावर नाव नेहमीचे, चेहरा मात्र नीटसा न आठवणारा. त्याचे हात बाकाखाली काहीतरी करीत होते.

बाकाखालच्या हातांचा अर्थ आम्ही वर्षानुवर्षे एकच लावत आलो आहोत. आम्ही जवळ जाईपर्यंत त्याने ती वस्तू बाकावर ठेवलीही होती. प्रश्नपत्रिकेची खालची पट्टी नखाने घडी घालून फाडून काढलेली, आणि उरलेल्या चौकोनाचे एक चार टोकांचे जनावर स्वतःच्या दोन पायांवर उभे. आमच्यापैकी एकीने ते उचलले.

"काय आहे हे?"

"घोडा आहे, मॅडम."

त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, हे आज लिहिताना आम्हांला पुरते ठाऊक आहे. त्या क्षणी मात्र तो उद्धटपणाच वाटला. प्रश्नपत्रिकेवर काही लिहून ती पुढे सरकवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून आम्ही घोडा उलगडून पाहिला. आत छापील प्रश्नांखेरीज एक अक्षर नव्हते. कागदभर घड्यांची एक जाळी तेवढी उमटली होती. मग तो पूर्ववत करून द्यावा म्हणून आम्ही दोघांनी आळीपाळीने प्रयत्न केला. आम्हांला जमले नाही. मागच्या दोन बाकांवर हसू फुटले. चुरगळलेली प्रश्नपत्रिका आम्ही त्याच्यापुढे ठेवली आणि कोरड्या आवाजात "लिही" म्हणालो. पाचेक मिनिटांनी उत्तरपत्रिका देऊन तो निघून गेला. दोनच पाने लिहिली होती.

त्या घोड्याचा माग काढावा असे तेव्हा मनात आले नव्हते. तो उन्हाळ्यात अवचित पुढे उभा राहिला. एका चर्चासत्रासाठी आम्ही शिक्षणसंस्थेची टर उडवणाऱ्या कादंबऱ्या वाचत होतो. खरे कारण सांगायचे तर पदोन्नतीसाठी लागणारे गुण कमी पडत होते आणि एक निबंध वाचणे भाग होते. त्या वाचनात मिगेल दे उनामुनो या स्पॅनिश लेखकाची १९०२ सालची 'आमोर इ पेदागोहिया', म्हणजे 'प्रेम आणि अध्यापनशास्त्र', ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून हाती आली. तिच्या शेवटी एक विलक्षण परिशिष्ट आहे. कागद दुमडून केलेल्या पक्ष्याच्या शास्त्राविषयीची ती टिपणे आहेत. हा पक्षी दिसतो तरी कसा म्हणून शोध घेतला, तेव्हा स्पेनमधल्या उएस्का या गावच्या बागेतल्या शिल्पाचे छायाचित्र समोर आले. पत्र्याचे दोन पांढरे पक्षी, समोरासमोर उभे. आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "अरे, हा तर घोडा!"

स्पेनमध्ये याला 'पाहारिता' म्हणतात, म्हणजे चिमुकला पक्षी. फ्रान्समध्ये हीच घडी 'कोकोत', म्हणजे कोंबडी. जर्मन भाषेत तिला कावळा म्हटले गेले. एकच कागद, त्याच घड्या, तीच चार टोके. दोन टोकांचे पाय, एकाची शेपटी, उरलेल्याचे डोके. ते टोक चोचीसारखे दिसले तर पक्षी आणि मुस्कटासारखे दिसले तर घोडा. आमच्या विद्यार्थ्याला घोडा दिसला यात नवल नव्हते. न्यूरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे कागदी घोडे आणि त्यांवरचे स्वार जपलेले आहेत, आणि ते याच घड्यांच्या कुळातले आहेत. ते दुमडणाऱ्या हातांना त्यात पक्षी दिसला नव्हता.

ही घडी कशी साधते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूवर आणतात, कागद पालथा करून पुन्हा कोपरे मध्यावर आणतात, घड्या पक्क्या झाल्या की उलगडून त्याच रेघांवरून तो नव्याने मिटतात. कागदावर सोळा लहान चौकोनांची जाळी आणि तिला छेदणारे तिरपे कर्ण उमटलेले असतात. या जाळीतून आधी चार पात्यांचे भिरभिरे निघते. भिरभिऱ्याची पाती निरनिराळ्या दिशांना वळवली की कधी जोडहोडी होते, कधी पक्षी. काही कापायचे नाही, काही चिकटवायचे नाही. आणि एक गोष्ट आम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये हाताने अनुभवली होती, पण तेव्हा उमगली नव्हती: कागद पुरता उलगडला की त्या जाळीवरून आधी त्याचे काय होते हे ओळखणे कठीण असते. होडी, भिरभिरे, पक्षी यांच्या खुणा जवळपास सारख्याच.

म्हणूनच या खेळण्याचा इतिहास लिहिणे अवघड जाते. खेळणे कागदाचे. ते भिजते, चुलीत जाते, केरात जाते. शिकवणारा तोंडाने फारसे बोलत नाही. तो करून दाखवतो आणि दुसरा पाहून करतो. आम्ही वाङ्मयेतिहास शिकवणारी माणसे. पोथी नसेल तेथे आमचे पाऊल अडते. ओवीच्या बाबतीत निदान कंठ तरी असतो, येथे नुसती बोटे. स्पेनमध्ये एक समजूत लोकप्रिय आहे, की कागद अरबांनी आणला तेव्हा घडीकामही त्यांनीच आणले असणार. यातला पहिला भाग खरा आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास, ११५४ च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्-इद्रिसी या भूगोलकाराने शातिवा या गावच्या उत्तम कागदाची वाखाणणी केली आहे. ग्रानादाच्या आलांब्रा राजवाड्यात भिंतींवरच्या फरश्यांमध्ये तीन वळलेल्या टोकांची एक आकृती आहे आणि तिलाही स्पॅनिश लोक 'पाहारिता' म्हणतात. पण हे नाव फरशीला कागदी पक्ष्यावरून मागाहून मिळाले. नावाच्या साम्यावरून वंशावळ मांडण्याचा मोह आम्हां भाषेच्या लोकांना चांगलाच परिचित आहे, म्हणून येथे तो टाळतो.

कागदोपत्री जे सापडते ते निराळ्या बाजूने येते. १६२९ साली पादुआ येथे मात्तिया गीगर याचा पंक्तीच्या व्यवस्थेवरचा ग्रंथ छापला गेला, त्यात कांजी केलेल्या रुमालांच्या घड्यांतून पक्षी, गलबते, प्राणी कसे उभे करावेत याची चित्रे आहेत. तो मेजवानीचा थाट होता, श्रीमंतांच्या ताटांपुढला. दुसरीकडे जर्मन मुलखात बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता देत असे ते आशीर्वादपत्र, आत नाणे ठेवून, दुमडलेले असे. आणि त्याची घडी हीच, चारही कोपरे मध्यावर आणण्याची. रुमालाची घडी दरबारातली आणि पत्राची घडी घरातली. मुलांच्या हाती जे खेळणे आले ते या दुसऱ्या घडीच्या शेजारचे आहे, असे आम्हांला वाटते. आशीर्वाद वाचून झाल्यावर रिकामा कागद कोणाच्या हाती जातो हे सांगायला संशोधक नको, घरात मूल असले की पुरे.

मग शाळा आली. फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. ज्ञानाच्या आकृती, सौंदर्याच्या आकृती आणि जीवनातल्या आकृती अशी त्यांची वर्गवारी होती. होडी आणि पक्षी शेवटच्या वर्गातले. या खेळाची सत्तेला भीती वाटावी, हे आज विनोदी वाटेल. पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याचे मूलगामी लेखन काकाच्या खाती जमा झाले होते, असेही त्यामागचे एक कारण सांगतात. फ्रोबेल १८५२ मध्ये वारला आणि बंदी उठायला १८६० साल उजाडले. तोवर त्याच्या शिष्या आणि शिष्य देशोदेशी पसरले होते. १८७६ मध्ये तोक्योत बालोद्यान सुरू झाले. तेथे जपानी करकोच्याची जुनी परंपरा होतीच. तिच्यावरचे 'हिदेन सेम्बाझुरु ओरिकाता' हे पुस्तक १७९७ सालचे. युरोपची घडी आणि जपानची घडी लहान मुलांच्या बाकांवर एकमेकींना भेटल्या. आपल्याकडे १८९३ साली मद्रासला टी. सुंदरराव यांनी 'कागदाच्या घड्यांतून भूमिती' या विषयावर एक इंग्रजी पुस्तक काढले. त्याची कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या 'भेटी'वरून, म्हणजे घडीच्या कागदांवरूनच, सुचल्याचे त्यांनी नमूद केले आहे. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाची दखल घेतली. कागद असा जर्मनीतून मद्रासला आणि मद्रासहून पुन्हा जर्मनीत गेला.

शाळेत आल्यावर खेळण्याचे जे व्हायचे ते झाले. घडीला क्रमांक मिळाला, क्रम मिळाला, तास मिळाला. आमच्या लहानपणी हा तास 'कार्यानुभव' या नावाने वेळापत्रकात असे आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी त्याचा जाई. होडी आम्ही शिकलो त्या कार्यानुभवात नव्हे, पावसात, मोठ्या मामेबहिणीकडून.

उनामुनोकडे परत येतो. त्याचा जन्म बिल्बाओचा, १८६४ चा. १८७४ साली कार्लपंथी बंडखोरांच्या फौजांनी बिल्बाओला वेढा घातला आणि शहरावर तोफगोळे पडू लागले. नऊ वर्षांचा मिगेल घरात कोंडला गेला. मोठी माणसे घाबरलेली, शाळा बंद. मुलांनी कागदी पक्ष्यांच्या पलटणी केल्या आणि त्यांची युद्धे लावली. बालपणाच्या आठवणींच्या १९०८ मधील पुस्तकात त्याने हे दिवस मोठ्या मायेने वर्णिले आहेत. वेढा मे महिन्याच्या आरंभी उठला. पक्ष्यांचे वेड मात्र उठले नाही. पुढे तो सलामांकाच्या विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला, १९०० साली कुलगुरू झाला आणि कॅफेत मंडळींशी वाद घालता घालता कागद दुमडीत राहिला. आपल्याकडे अनिल अवचटांनी (१९४४–२०२२) ओरिगामीच्या छंदाविषयी लिहिले आहे, ते वाचलेल्यांना ही मूर्ती परकी वाटणार नाही. लिहिणाऱ्या माणसाच्या हातांना लिहिण्यापलीकडचे काही हवे असते.

'प्रेम आणि अध्यापनशास्त्र' या कादंबरीचा नायक आवितो कारास्काल हा शास्त्राचा भक्त आहे. शास्त्रोक्त विवाह आणि शास्त्रोक्त संगोपन यांतून प्रतिभावंत घडवता येतो, अशी त्याची खात्री. योजनेप्रमाणे जी वधू निवडायची तिच्याऐवजी तो दुसरीच्या, मारीनाच्या, प्रेमात पडतो आणि योजना पहिल्याच पायरीवर घसरते. मुलाचे नाव बाप ठेवतो आपोलोदोरो. आई चोरून त्याचा बाप्तिस्मा करते आणि लुइस म्हणते. मुलाची प्रत्येक हालचाल नोंदली जाते. तो वाढतो, कथा लिहितो, ती फसते. प्रेम करतो, तेही फसते. शेवटी तो गळफास लावून घेतो. सगळी कादंबरी हसत हसत लिहिलेली आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर वाचक सावध नसतो. बापाला आपला मुलगा सापडतो तो मेल्यावर, आणि मारीनाच्या मिठीत.

त्यानंतर उपसंहार, आणि त्यात पुस्तक प्रकाशकाला हवे तेवढे जाड भरत नसल्याची लेखकाची कबुली. त्यानंतर ते परिशिष्ट: 'कोकोतोलोहिया'च्या ग्रंथासाठी टिपणे. फ्रेंच कोंबडीला ग्रीक शेपूट जोडून केलेला हा शब्द, आणि ग्रीकच्या प्राध्यापकाने केलेला. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा दुसरा अर्थ नखरेल गणिका असा आहे, हेही त्याच्या ध्यानी होतेच. मग शास्त्र सुरू होते: नावाची चर्चा, व्याख्या, महत्त्व, पक्ष्याचे गर्भशास्त्र, पक्ष्याची शरीररचना, आणि शेवटी तत्त्वज्ञान. आम्ही ते वाचून मोठ्याने हसलो आणि मग एकमेकांकडे पाहून गप्प झालो. आमच्या चर्चासत्राच्या निबंधाचा आराखडा हुबेहूब असाच होता. आधी संज्ञेची व्युत्पत्ती, मग व्याख्या, मग विषयाचे महत्त्व. पक्षी राहिला बाजूला.

पण उनामुनोची थट्टा दुपदरी आहे. शास्त्राची टर उडवता उडवता पक्ष्यावरचे त्याचे प्रेम लपत नाही. चौकोनात जे आहे त्यातूनच पक्षी होतो, बाहेरून काही आणावे लागत नाही, हे त्याला फार मोलाचे वाटते. आपोलोदोरोच्या बापाने उलटे केले होते. त्याने आकृती आधी ठरवली आणि मुलाला तिच्यात कोंबले. ते परिशिष्ट पाने भरण्यासाठी जोडलेले असो वा नसो, आत्महत्येने संपलेल्या कादंबरीमागे ते ठेवलेले आहे. आम्ही ते मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या खेळण्यापाशी बसल्यासारखे वाचले.

उएस्कातले पत्र्याचे पक्षी दुसऱ्या एका शिक्षकाचे आहेत. रामोन आसिन हा १८८८ साली उएस्कातच जन्मलेला चित्रकार, शिल्पकार, अराज्यवादी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आणि शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात चित्रकला शिकवणारा अध्यापक. सिनेमाच्या अभ्यासकांना तो निराळ्या कारणाने माहीत असतो. लॉटरी लागली तर तुझ्या चित्रपटाला पैसे देईन, असे तो लुइस बुन्युएल या मित्राला म्हणाला होता. लॉटरी खरोखर लागली, त्याने शब्द पाळला आणि १९३३ मध्ये 'लास उर्देस' हा अतिदरिद्री डोंगरी मुलखावरचा माहितीपट चित्रित झाला. त्याआधी, १९२८-२९ च्या सुमारास, त्याने गावच्या उद्यानासाठी हे दोन पक्षी केले होते. त्या काळी चौकाचौकांत घोड्यावरचे सेनापती बसवीत. आसिनने ज्याला कोणीही कर्ता नाही असे खेळणे चौथऱ्यावर चढवले. प्रत्येक मुलाच्या हातून होणारी वस्तू त्याने धातूत केली आणि घड्यांच्या रेषा तशाच सरळ ठेवल्या.

जुलै १९३६ मध्ये लष्कराने प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले आणि उएस्का पहिल्याच दिवसांत बंडखोरांच्या हाती गेले. आसिन स्वतःच्या घरात दडून होता. शोधायला आलेल्यांनी त्याची पत्नी कोंचिता मोन्रास हिला मारहाण सुरू केली, तेव्हा तो आपण होऊन बाहेर आला. ६ ऑगस्ट १९३६ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. २३ ऑगस्टला कोंचितालाही, आणखी अनेकांबरोबर. मागे दोन लहान मुली उरल्या, कातिया आणि सोल.

तिकडे सलामांकात वृद्ध उनामुनोने आधी या बंडाला पाठिंबा दिला होता. हे सांगितलेच पाहिजे, कारण थोरांच्या गोष्टीतून असे परिच्छेद गाळण्याची आपल्याला सवय आहे. मित्र तुरुंगात गेले, मारले गेले, तेव्हा त्याचा भ्रम फिटला. १२ ऑक्टोबर १९३६ रोजी विद्यापीठाच्या सभागृहात सेनापतींसमोर तो उठून बोलला. तो नेमके काय बोलला याची जी संहिता जगभर प्रसिद्ध आहे ती लुइस पोर्तियो याने १९४१ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात लिहिलेली वाङ्मयीन पुनर्रचना आहे. पण तो विरोधात बोलला, आणि त्याची किंमत त्याने मोजली, यात शंका नाही. कुलगुरूपद गेले, घरात जवळजवळ नजरकैद झाली, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तो वारला. नवव्या वर्षी वेढ्यात कागदी फौजा लढवणारा मुलगा बहात्तराव्या वर्षी दुसऱ्या यादवीत कोंडलेला होता.

आसिनचे पक्षी जागेवर राहिले. जवळपास चार दशकांच्या हुकूमशाहीत ते उद्यानात उभे होते आणि उएस्काची मुले त्यांच्याभोवती खेळत होती. कर्त्याचे नाव घेण्याची सोय नव्हती, पण पक्ष्याला नाव कुठे लागते? आज ते त्या गावाचे चिन्ह झाले आहेत. ज्या उद्यानात ते आहेत त्याला मिगेल सेर्वेत याचे नाव आहे. तोही त्याच प्रांतातला, आणि १५५३ साली जिनिव्हात पाखंडी म्हणून जिवंत जाळला गेलेला. शेजारच्या सारागोसात १९४० च्या दशकात, त्याच दडपलेल्या वर्षांत, काही मंडळी कॅफेत जमून कागद दुमडू लागली. युरोपातल्या आद्य घडीकाम-मंडळांत त्यांची गणना होते. टेबलावर कागद दुमडायला परवाना लागत नव्हता.

आम्ही निबंध वाचला, गुण मिळाले. जुलै २०१८ मध्ये प्रवेशाच्या गर्दीत कार्यालयाच्या खिडकीपाशी तो मुलगा दिसला. महाविद्यालय सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. अर्थशास्त्र राहिले होते, आणखीही दोन विषय. तालुक्याच्या एका छापखान्यात तो आधीपासूनच कटिंगला होता, आता पूर्ण वेळ जाणार होता. लग्नपत्रिकांच्या कडा कापल्या की रंगीत पट्ट्या आणि चौकोन उरतात, ते तो धाकट्या बहिणीसाठी घरी नेई. घोडा त्याला छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरने शिकवला होता. त्या बाइंडरला कोणी शिकवला हे त्याने विचारले नव्हते.

परत प्रवेश घे, एटीकेटी आहे, फी हप्त्याने भरता येते, असे सगळे आम्ही सांगितले. तो मान हलवून ऐकत होता. आमच्या लक्षात आले की वर्षभरात आम्ही त्याच्याशी बोललेला हा सर्वांत लांब संवाद होता, आणि तो दाखल्याच्या रांगेत चालला होता. त्या दिवशी हॉलमध्ये त्याचा घोडा उलगडला त्याबद्दल आम्ही दिलगिरी व्यक्त केली. तो ओशाळला. "तुमची ड्यूटी होती, सर," म्हणाला. आमची ड्यूटी होती, हे खरेच होते. आवितो कारास्कालही हेच म्हणाला असता.

मग आम्ही त्याला विचारले, की तो घोडा आम्हांला शिकवशील का? त्याला आधी थट्टा वाटली. रद्द झालेला एक प्रवेश-अर्ज आम्ही खिडकीतून मागून घेतला. त्याने नखाने पट्टी काढली, चौकोन केला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर हळूहळू, प्रत्येक घडीपाशी थांबत, दाखवले. तोंडाने काही सांगितले नाही. एका ठिकाणी आमच्यापैकी एकाची घडी उलटी पडली, तेव्हा त्याने बोट धरून ती फिरवली आणि लगेच "सॉरी सर" म्हणाला. तिसऱ्या खेपेस आम्हां दोघांचेही घोडे उभे राहिले. एकाचा थोडा लंगडा होता.

"याला स्पेनमध्ये पक्षी म्हणतात," आम्ही म्हणालो. राहवले नाही, अध्यापक आहोत.

त्याने आमचा लंगडा घोडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. "असेल," तो म्हणाला, "पण पळणार कसा मग?" आणि त्याने एका पायाची घडी नखाने दाबून सरळ करून दिली.

दाखला घेऊन तो गेला. त्याने पुन्हा प्रवेश घेतला नाही. तो घोडा आमच्या विभागाच्या कपाटात, वाङ्मयेतिहासाच्या खंडांपुढे उभा आहे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही अजूनही हॉलवर फिरतो. बाकाखाली कोणाचे हात हलताना दिसले की अजूनही तिकडे जातो. फक्त आता, आधी विचारतो.